वैद्यकीय विद्यार्थिनीचा ‘स्वभाव’ : कृपाबाई सत्यनाथन आणि आनंदीबाई जोशी

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या व्यक्तिमत्त्वाची पाहणी आज पुष्कळदा पंचघटक प्रतिमानाच्या आधारे केली जाते. अशा प्रश्नावल्यांत भावनिक अस्थैर्य आणि सौजन्यशीलता या घटकांवर विद्यार्थिनींची सरासरी बहुधा अधिक येते. हा भेद स्वभावाचा, की स्वभावाविषयी बोलण्याच्या रूढ भाषेचा, हा प्रश्न साहित्येतिहासाच्याही कक्षेत येतो. एकोणिसाव्या शतकातील दोन मराठीभाषक विद्यार्थिनींविषयीचे लेखन या दृष्टीने तपासण्याजोगे आहे.

मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये स्त्रियांना प्रवेश दिला. अहमदनगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात १८६२ मध्ये जन्मलेल्या कृपाबाई १८७८ मध्ये तेथे दाखल झाल्या; परंतु प्रकृती खालावल्याने वर्षभरातच त्यांना शिक्षण सोडावे लागले. पुढे त्यांनी इंग्रजीत लिहिलेल्या ‘सगुणा’ या आत्मचरित्रात्मक कादंबरीची नायिका मात्र मनाने दुबळी नाही. ज्ञानाची ओढ आणि स्वाभिमान ही तिची ठळक लक्षणे होत. शरीराचे थकणे आणि बुद्धीचे उणेपण यांची गल्लत ही संहिता होऊ देत नाही.

आनंदीबाईंनी १८८६ मध्ये फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळवली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात त्यांचे क्षयाने निधन झाले. कॅरोलाइन डॉल यांनी १८८८ मध्ये त्यांचे इंग्रजी चरित्र लिहिले. मराठी चरित्र काशीबाई कानिटकरांनी सिद्ध केले. सोशिक, पतिनिष्ठ आनंदीबाई लोकस्मृतीत रुजल्या. परंतु काशीबाईंनी आधारासाठी घेतलेल्या पत्रव्यवहारातच गोपाळरावांच्या कठोर वागणुकीचा जाब विचारणारी आनंदीबाईही भेटते. व्यक्ती एकच, वाङ्मयप्रकार बदलताच तिचा ‘स्वभाव’ बदलतो.

येथे एक धोका संभवतो. विद्यार्थ्याचे आजारपण ही त्याची वैयक्तिक आपत्ती मानली जाते. विद्यार्थिनीचे आजारपण मात्र स्त्रीजातीच्या अक्षमतेचा पुरावा ठरू शकते. लंडनमध्ये शिकून १८९४ मध्ये वैद्यकीय अर्हता मिळवणाऱ्या रखमाबाईंनी पुढे सुमारे साडेतीन दशके सुरत आणि राजकोट येथे सेवा केली. तिघींचे भवितव्य भिन्न आहे. त्यातून स्त्रीस्वभावाचा एकच नियम निघत नाही.

प्रश्नावलीतील उत्तर हेही एक आत्मकथनच असते. ते कोणापुढे आणि कोणत्या अपेक्षांच्या दडपणाखाली दिले गेले, हे पाहिल्याविना त्याला निसर्गदत्त लक्षण म्हणणे शास्त्रालाही परवडणारे नाही.