मधलं घर

“द्यायचंच आहे तर आणलंस कशाला?”

मांजरं फॉस्टर करणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी ऐकावा लागतो. मला तो आईने विचारलाय, शेजारच्या काकूंनी विचारलाय, आणि पिल्लाला टोचून घ्यायला निघाले असताना रिक्षावाल्या दादांनीही विचारलाय. फॉस्टर करणं म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गटारात, जिन्याखाली, गाडीच्या बॉनेटमध्ये सापडलेलं पिल्लू आपल्या घरी आणायचं. त्याला भरवायचं, औषधं द्यायची, माणसाची सवय लावायची. आणि कायमचं घर मिळालं की देऊन टाकायचं. डोंबिवलीतल्या आमच्या वन-बीएचकेमध्ये चार वर्षं हे चालू आहे. आतापर्यंत एकतीस पिल्लं आली आणि तीस गेली.

प्रश्नामागचं म्हणणं मला कळतं. माया खरी असेल, तर ती अशी सोडून कशी देता येते? याचं उत्तर द्यायचं, तर थोडं मागे जावं लागतं. बेवारस प्राण्याचं काय करायचं, याची उत्तरं शहरांनी वेळोवेळी शोधली आहेत. त्यातलं एक जुनं उत्तर तर आपल्या मुंबईतलंच आहे.

साल १८३२. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायचा कायदा मुंबईत तेव्हा होता आणि एका कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस मिळायचं. बक्षिसाच्या लोभाने लोक पाळलेली कुत्रीही उचलू लागल्याच्या तक्रारी वाढल्या. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान आहे. ६ जून १८३२ला कोटात पारशी जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी शहराने हरताळ पाळला, दुकानं बंद राहिली, गोऱ्या सैन्याला रोजचं सामान मिळेना. मुंबईतल्या पहिल्या मोठ्या दंगलींपैकी ही एक, आणि ती झाली कुत्र्यांवरून!

दोन वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभाई आणि शहरातल्या इतर व्यापाऱ्यांनी मुंबईचं पांजरपोळ उभं केलं. भुलेश्वर-सी. पी. टँकच्या गर्दीत ते आजही आहे. पांजरपोळाचं तत्त्व साधं आहे : आलेल्या जिवाला मारायचं नाही, मरेपर्यंत सांभाळायचं. सरकारचं उत्तर होतं ‘मारा’, शहराचं उत्तर होतं ‘ठेवा’. हे दुसरं उत्तर निःसंशय मोठ्या मनाचं आहे. पण त्यात एक अडचण आहे, आणि ती हिशोबाची आहे. येणाऱ्यांची रांग संपत नाही आणि आत असलेला कुणी बाहेर जात नाही. जागा कधी ना कधी भरतेच.

लंडनमध्ये तिसरं उत्तर सुचलं ते १८६०मध्ये. मेरी टील्बी नावाच्या बाईने उत्तर लंडनमधल्या हॉलोवे भागात बेवारस कुत्र्यांसाठी आसरा सुरू केला. त्याच्या नावातच ‘तात्पुरतं घर’ हे शब्द होते : हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचं तात्पुरतं घर. वर्तमानपत्रांनी तिची टिंगल केली. माणसं रस्त्यावर उपाशी मरतायत आणि या बाईला कुत्र्यांचा पुळका आलाय, असा सूर होता. (तुमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हा सूर आजही ऐकू येईल.) पण टील्बीबाईंची कल्पना नवी होती. प्राणी इथे राहायला येत नाही, इथून पुढे जायला येतो. मालक सापडला तर मालकाकडे, नाही तर नव्या घरी.

त्या १८६५मध्ये वारल्या. १८७१मध्ये संस्था बॅटरसीला गेली. आज बॅटरसी हे नाव जगभरच्या प्राणिप्रेमींना ठाऊक आहे. तिथे मांजरांना प्रवेश मिळाला तो मात्र १८८३मध्ये, म्हणजे कुत्र्यांनंतर तेवीस वर्षांनी. आणि पुढच्याच वर्षी, १८८४मध्ये, तिथे एक खोली बांधली गेली : नको असलेल्या प्राण्यांना वायूने मारायची खोली. बेंजामिन वॉर्ड रिचर्डसन या डॉक्टरांनी ती तयार केली होती. आधीच्या पद्धतींपेक्षा हे मरण सुसह्य असावं, हा त्यांचा हेतू होता.

मला हा तपशील बराच काळ टोचत राहिला. ज्यांनी दार उघडलं त्यांनाच ही खोली का लागली? कारण तात्पुरतं घर तेव्हाच चालतं, जेव्हा पुढचं घर तयार असतं. येणारे हजारो आणि नेणारे मोजके असतील, तर दयाळू माणसांची संस्थाही शेवटी पहिल्या उत्तरापाशी येऊन थांबते.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण १९३९चं आहे. ३ सप्टेंबरला ब्रिटनने युद्ध पुकारलं. युद्धकाळात प्राण्यांचं काय करायचं हे बघायला सरकारी आशीर्वादाने एक समिती नेमली होती. तिच्या पत्रकात सल्ला होता : प्राण्यांना खेड्यात पाठवा. शेजाऱ्यांकडेही सोय होत नसेल, तर त्यांना मारून टाकणं हेच दयेचं ठरेल. सार्वजनिक बॉम्बनिवाऱ्यांमध्ये प्राण्यांना मनाई होती. दवाखान्यांपुढे रांगा लागल्या. इतिहासकार हिल्डा कीन यांच्या पुस्तकानुसार युद्धाच्या पहिल्याच आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे चार लाख कुत्री-मांजरं मारली गेली. मारण्याचा हुकूम कुणीही काढला नव्हता. आणि लंडनवरची मोठी बॉम्बफेक सुरू व्हायला अजून एक वर्ष होतं.

रांगेतली ही माणसं क्रूर नव्हती. अनेक जण हुंदके देत उभे असणार. त्यांच्यापुढे ‘मी ठेवतो’ आणि ‘मारा’ यांच्या मधलं काही नव्हतं. काही थोड्यांपुढे मात्र ते होतं. हॅमिल्टनच्या डचेस नीना यांनी लंडनहून प्राणी आणवून विल्टशरमधल्या फर्न इथल्या आपल्या इस्टेटीवर ठेवले. शेकडो कुत्री-मांजरं तिथे राहिली. डचेसबाईंकडे इस्टेट होती हे खरं. पण त्यांनी केलं ते तेच, जे मी बाथरूममध्ये करते : मधलं घर दिलं.

मग हे काम डचेसच्या इस्टेटीतून बाथरूममध्ये कसं आलं? त्यातला एक टप्पा गमतीशीर आहे. १९४७च्या हिवाळ्यात अमेरिकेत मिशिगनमधल्या एका शेजारणीने एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे मांजराच्या शी-शूसाठी वाळू मागितली. त्याने तिला कारखान्यातलं तेल टिपायला वापरतात ती माती दिली. तिचा वास यायचा नाही, पायाला चिकटायची नाही. ‘किटी लिटर’ नावाने लोवने ती पिशव्यांत भरून विकायला काढली. तोवर शहरातलं मांजर बहुधा आत-बाहेर करणारं असायचं. आता बंद फ्लॅटमध्येही मांजर राहू शकणार होतं.

दुसरा टप्पा विज्ञानाचा. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी पिल्लांवर अभ्यास केला. साधारण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाचे हात लागले, तर ते आयुष्यभर माणसाजवळ निर्धास्त राहतं. हा काळ हुकला तर ते काम फार अवघड होतं. आता विचार करा, शेल्टरमधल्या पिंजऱ्यात या पाच आठवड्यांत किती वेळा कुणी पिल्लाला मांडीवर घेणार? शिवाय लस न झालेली पिल्लं एकत्र ठेवली, की पॅनल्युकोपेनियासारखा रोग पिंजऱ्यांमागून पिंजरे रिकामे करतो. डोळे न उघडलेल्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी भरवावं लागतं. तेही गाईचं दूध नाही, त्याने पोट बिघडतं. आई चाटते तसं कोमट ओल्या कापसाने पुसल्याशिवाय त्याला शू होत नाही. हे सगळं संस्थेपेक्षा एखाद्या घरातच जमतं.

१९९४मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्राणिसंस्थेने आणि तिथल्या नगर प्रशासनाने करार केला, की दत्तक देण्याजोगं एकही कुत्रं-मांजर मारलं जाणार नाही. असं वचन पाळायचं तर जागा लागते, आणि जागा म्हणजे फक्त भिंती नव्हेत. लोकांच्या घरातल्या रिकाम्या खोल्या, बाल्कन्या, बाथरूम हीसुद्धा जागाच. ब्रिटनमध्ये १९२७ला स्थापन झालेल्या मांजरांच्या मोठ्या संस्थेचे अनेक स्वयंसेवकही मांजरं घरीच सांभाळतात.

आपल्याकडे मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं म्हणतात. आईच जर पिल्लाला एका जागी ठेवत नाही, तर मधल्या घराला आपण का लाजायचं? आणि यशोदेला कुणी विचारतं का, की मथुरेला पाठवायचंच होतं तर लोणी भरवलंस कशाला?

आता एकतिसाव्या पिल्लाबद्दल. तो काळाकुट्ट आहे. जुलैमध्ये तीन भावंडांबरोबर आला. पिवळी दोन आठवड्यात गेली, पांढरी पंधरा दिवसांत. याच्यासाठी फोन येतात, फोटो मागतात, मग गप्प होतात. एकाने स्पष्ट विचारलं, “काळंच आहे का? पर्शियन नाही?” आईने त्याचं नाव बुक्का ठेवलं. विठ्ठलाला वाहतो तो बुक्का, म्हणजे अशुभ म्हणायची कुणाची टाप नाही. चार महिने झाले. आता तीच आई म्हणते, “राहू दे गं याला. कोण नेतंय?”

मलाही तेच हवंय. रात्री तो माझ्या पोटरीला टेकून झोपतो. पण आमच्या बाथरूममध्ये एका वेळी चार पिल्लं मावतात, आणि मोठा झालेला बोका आत असला की लस न झालेली नवी पिल्लं आणता येत नाहीत. या चार महिन्यांत मला सात फोनना नाही म्हणावं लागलंय. त्या सात फोनमागे किती पिल्लं होती ते मी मोजलेलं नाही. बुक्का राहिला तर ते पांजरपोळ होईल : चांगलं, प्रेमळ आणि भरलेलं.

म्हणून मी आईला नाही म्हटलं. तिने दोन दिवस अबोला धरला. मग बुक्काचे नवे फोटो तिनेच काढले, खिडकीतल्या उन्हात, जिथे त्याची कातडी तपकिरी चमकते. कल्याणहून एक आजी-आजोबा येऊन त्याला बघून गेले. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, “याला मासे चालतात ना?” बाल्कनीला जाळी लागली की ते त्याला नेणार आहेत. जाळीवाला शनिवारी येतोय.

रविवारी मी बाथरूम ब्लीचने धुऊन, दोन दिवस वाळू देणार आहे. भाजी मार्केटमध्ये क्रेटखाली तीन पिल्लं आहेत, अजून डोळे न उघडलेली. तोवर एक मैत्रीण त्यांना दर तीन तासांनी भरवतेय. बुधवारी ती माझ्याकडे येतील.