एकोणीस प्रयोगांनंतर : 'घाशीराम' बर्लिनला कसं पोचलं?

तोरणमाळचा घाट चढताय? मग एपिसोड आधीच डाउनलोड करा, वर रेंजचा भरवसा नाही.

आजची गोष्ट पुण्याच्या हौशी नाटकवाल्यांची. 16 डिसेंबर 1972. भरत नाट्य मंदिरात राज्य नाट्य स्पर्धेसाठी 'घाशीराम कोतवाल' उभं राहिलं. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकरांचं. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन, म्हणजे पीडीए.

नाटकात पेशवाईतलं पुणं आहे. नाना फडणवीस स्वतःच्या सोयीसाठी घाशीरामला कोतवाल करतो, आणि तो डोईजड झाल्यावर जमावाच्या हवाली करतो. खरा घाशीराम 1791 मध्ये असाच जमावाच्या हातून मेला. पण तेंडुलकरांना इतिहास शिकवायचा नव्हता. सत्तेला असे घाशीराम का लागतात, हे दाखवायचं होतं.

झालं, वाद पेटला. नाटक ब्राह्मणविरोधी आहे, नानांची बदनामी करतं, असा आरोप झाला. 19 प्रयोगांनंतर पीडीएनं नाटक थांबवलं.

आता विचार करा. ही काही पोटासाठी नाटक करणारी मंडळी नव्हती. नानाची भूमिका करणारे मोहन आगाशे डॉक्टर, जब्बार पटेलही डॉक्टर. गप्प घरी बसले असते तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण ते बाहेर पडले आणि 27 मार्च 1973 ला थिएटर अॅकॅडमी काढली. आम्हा कोडवाल्यांच्या भाषेत प्रोजेक्ट 'फोर्क' केला! 11 जानेवारी 1974 ला नाटक परत सुरू झालं.

1980 मध्ये बर्लिनच्या महोत्सवाचं बोलावणं आलं. इथे नाटकाची रचनाच कामाला आली. भारी सेट नाहीच. रांगेत उभे बारा ब्राह्मण हाच पडदा, हीच भिंत. पाठ फिरवली की आतलं झाकलं जातं, रांग फुटली की गर्दी होते. कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या या हालचाली मराठी न कळणाऱ्यालाही समजतात. ट्रकभर सामान न्यायला नको, माणसं पोचली की नाटक पोचलं.

म्हणूनच अडवायची झाली तर माणसंच अडवावी लागणार. नाटक परदेशी जाऊ नये म्हणून जोरदार प्रयत्न झाले. विरोधकांचं म्हणणं, घरातलं भांडण जगापुढे कशाला? तरीही मंडळी गेली आणि युरोपात प्रयोग झाले. मूळ संच पुढे 1992 पर्यंत नाटक करत राहिला.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते 1973 सालचे ते महिने. तेव्हा ना बर्लिन दिसत होतं, ना टाळ्या. हातात फक्त बंद पडलेलं नाटक होतं. महोत्सवाची खरी तयारी तिथेच झाली.

तुमच्या गावात असं बंद पडलेलं नाटक आहे का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!