रेल्वेने होडी, होडीने तापी

सोनगीर हे मुंबई-आग्रा महामार्गावरील गाव किल्ल्यासाठी आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. होडीशी त्याचा संबंध वरकरणी जुळत नाही. मात्र याच महामार्गावर उत्तरेला सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नरडाणा स्थानक लागते आणि शिरपूरच्या अलीकडे तापी.

लहान होडी रेल्वेने अंतर्भागातील नदीपर्यंत नेण्याची कल्पना जुनी आहे. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश प्रवाशाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ ही सुमारे १५ फुटी होडी युरोपात एका नदीवरून दुसरीवर नेताना रेल्वेचा मुक्त वापर केला. खरी सोय झाली ती घडीच्या होडीमुळे. म्युनिकच्या आल्फ्रेड हॉयरिख यांनी १९०५ मध्ये बांबूचा सांगाडा व कापडी आवरणाची होडी तयार केली. रोझेनहाइमचे शिंपी योहान क्लेपर यांनी १९०७ मध्ये तिचे हक्क घेतले आणि जर्मन शहरवासी होडीची पिशवी घेऊन नदीकाठच्या स्थानकावर उतरू लागले. अशाच होडीतून १९३२ मध्ये उल्महून निघालेला ऑस्कर स्पेक भारताचा पश्चिम किनारा पार करून १९३९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत पोहोचला.

आपल्याकडे पहिली अडचण लांबीची. डब्यात नेण्याच्या पेटीसाठी १०० बाय ६० बाय २५ सेंटीमीटर ही मर्यादा आहे. शयनयान वर्गात ४० किलोपर्यंतचे सामान विनाशुल्क नेता येते. सांगाड्याच्या दांड्या बहुधा या मापात बसत नाहीत. मग सामान ब्रेकव्हॅनमध्ये नोंदवावे लागते आणि लहान स्थानकावरील थांबा ते उतरविण्यास पुरत नाही. अशा वेळी मोठ्या स्थानकावर उतरून पुढे टेम्पो करणे शहाणपणाचे.

दुसरी अडचण नदीचीच, आणि ती अधिक गंभीर आहे. २०१६ च्या कायद्याने तापी राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १०० ठरली, परंतु कागदावरील जलमार्ग म्हणजे होडीसाठी मोकळी वाट नव्हे. सुलवाडे, सारंगखेडा आणि प्रकाशा येथील बॅरेजेसनी प्रवाह अडविला आहे. प्रत्येक ठिकाणी होडी काठावर घेऊन पलीकडे वाहून न्यावी लागते. काठ उंच व मातीचे असल्याने घाट किंवा गावाची पायवाट पाहूनच उतरावे. पावसाळ्यात हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की पाणी झपाट्याने चढते. त्या दिवसांत होडी पाण्यात घालूच नये. हिवाळ्यात बॅरेजमागे पाणी संथ असते, तरी दरवाजांजवळ जाणे टाळावे. निघण्यापूर्वी विसर्गाची चौकशी पाटबंधारे खात्याकडे करावी आणि अंगावर जीवरक्षक जाकीट असावे.