झील, तंबोरा आणि लूप पेडल

‘लूप पेडल’ हे नाव आपल्यापैकी पुष्कळांना परके वाटेल. वस्तू मात्र वाटते तितकी परकी नाही. एकट्यानेच रंगमंचावर बसून गाणारा-वाजविणारा कलावंत आपल्या पायाशी एक लहानशी पेटी ठेवतो. तिची कळ पायाने दाबली, की तो वाजवीत असलेली ओळ तिच्यात नोंदली जाते. पुन्हा दाबली, की तीच ओळ फिरून फिरून वाजू लागते. तिच्यावर तो दुसरी ओळ चढवितो, तिसरी चढवितो आणि ह्या आवर्तनावर आपले गाणे मांडतो. ही पेटी वापरून वापरून झिजली म्हणजे तिच्या जागी काय आणावे? प्रश्न दिसतो बाजारातला, पण त्याच्या पोटात इतिहास आहे. गाणाऱ्याला मागे ‘तेच ते’ म्हणणारा सोबती लागतोच; तो बदलताना आपल्या लोकांनी आजवर काय सांभाळले, हे पाहिले तर उत्तर सापडण्यासारखे आहे.

आपल्या बीड जिल्ह्यापासूनच आरंभ करू. आंबेजोगाईच्या योगेश्वरीचे नाव गोंधळात अगत्याने घेतले जाते. गोंधळ्याजवळ असते काय? संबळ, तुणतुणे आणि झीलकरी. मुख्य गोंधळी आख्यान सांगतो. ओळ संपत आली की मागचे साथीदार ती उचलतात, शेवटचे शब्द लांबवितात आणि त्याला श्वास घ्यायला उसंत देतात. ह्यालाच झील धरणे म्हणतात. शाहिराच्या पोवाड्यात हीच रीत, आणि तमाशात सूर धरून ठेवणाऱ्याला तर सुरत्या असे स्वतंत्र नावच आहे. लूप पेडल जे करते ते आमचा झीलकरी पूर्वीपासून करीत आला आहे. भेद एवढाच, की झीलकऱ्याला कान आहेत. लय चढली की तोही चढतो; गोंधळी एखादी ओळ गाळून पुढे गेला, तर तो न सांगता सावरून घेतो.

दुसरे उदाहरण अखंड हरिनाम सप्ताहाचे. नारायणगड, गहिनीनाथगड ही ह्या जिल्ह्यातील वारकरी परंपरेची मोठी ठिकाणे. पण सप्ताह तर लहानसहान गावांतूनही होतात. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, असा तेथे दंडक असतो. माणूस थकतो, म्हणून पहारे लावलेले असतात. पहारा संपला की नवा विणेकरी पुढे येतो, दोघे एकमेकांच्या पाया पडतात, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. माणूस बदलला, पण नामाचा गजर थांबला नाही. अगोदर घ्यायचे, मग सोडायचे, हा तेथला नियम आहे. बदल कसा करावा, ह्याचा इतका सोपा पाठ दुसरीकडे मिळणार नाही.

मैफलीतला असा सोबती म्हणजे तंबोरा. महाराष्ट्रात तंबोरा म्हटले की मिरज. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेबांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. त्यांच्या परंपरेतील कारागिरीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंबोऱ्याची घोडीही झिजते. तारांच्या घर्षणाने तिच्यावर चरे पडतात आणि आवाज बसका होतो. म्हणून कोणी तंबोरा टाकून देत नाही. कारागीर कानस घेऊन घोडीचा माथा पुन्हा घासतो, तारेखालचा दोरा सरकवून पाहतो आणि जवारी लावून देतो. झिजलेला भाग कोणता, हे तो आधी ओळखतो.

पुढे यंत्रे आली. पेटीने तर केवढा वाद ओढवून घेतला! 1940 साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदी घातली. ती 1971 मध्ये अंशतः उठली. पेटीवर मींड निघत नाही, तिचे स्वर ठरीव आहेत, असा आक्षेप होता. आक्षेप खोटा नव्हता. परंतु गावोगावच्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही, कारण ती त्यांचे काम भागवीत होती. 1979 च्या सुमारास बंगळूरचे अभियंते व बासरीवादक जी. राज नारायण ह्यांनी विजेवरचा तंबोरा पुढे आणला. रियाजाला त्याचा फार उपयोग झाला; पण गुरूच्या पाठीमागे तंबोरा घेऊन बसणारा शिष्य जे ऐकून शिकत असे, ते ती पेटी कोणाला शिकवू शकत नाही.

पाश्चात्त्य देशांत 1960 नंतर टेरी रायलीसारखे संगीतकार दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत फिरवून आवर्तने निर्माण करीत. फीत झिजे, तुटे. 1994 साली लेक्सिकॉन कंपनीचे ‘जॅममॅन’ आले, 2001 साली बॉस कंपनीचे ‘आरसी-20’. ही यंत्रे आवाज अंकांच्या रूपात साठवीत. आता आवाज झिजत नाही. झिजते ती पायाखालची कळ आणि वायर खोचण्याची खोबण.

तेव्हा पेडल कुरकुरू लागले की मिरजेचा कारागीर आठवावा. कळ किंवा खोबण तेवढी गेली असेल, तर चांगला दुरुस्ती करणारा ती बदलून देतो. कळ दाबल्यावर नोंद उशिरा होऊ लागली, तर मात्र हयगय करू नये. आवर्तनाचा सांधा समेवर बसला पाहिजे. तो क्षणभर जरी चुकला तरी ती चूक दर फेऱ्याला पुन्हा ऐकू येते, आणि तबलजी बिचारा तिच्यामागे ओढला जातो. नवे घेताना थांबविण्याची कळ वेगळी आहे का, आपल्या जुन्या वीजजोडाला ते चालते का आणि साठविलेल्या ओळी जुन्यातून नव्यात नेता येतात का, एवढे विचारावे. जुने पुरते बंद पडण्याची वाट पाहू नये. काही दिवस दोन्ही शेजारी ठेवून सराव करावा, पायाला नव्या कळेची सवय होऊ द्यावी आणि मगच जुने बाजूला करावे. विणेकऱ्याचा नियम येथेही लागू आहे.

एक गोष्ट मात्र कोणतेही पेडल विकत आणून भरून निघणार नाही. ऐकणारा सोबती गेला, की त्याचे ऐकण्याचे कामही गाणाऱ्यावरच येऊन पडते. लय चढवायची झाली तर जुने आवर्तन थांबवून नवे धरावे लागते. पेटी आपण होऊन चढणार नाही. आणि आणखी एक. झील धरता धरता पुढे येऊन स्वतः गोंधळ मांडणारी माणसे आपल्याकडे तयार होत आली. मागची जागा हीच त्यांची शाळा होती. पेडल जरूर बदलावे, चांगले घ्यावे. पण साथीला एखादा मुलगा येऊन बसू म्हणत असेल, तर त्याची जागा पेटीला देऊ नये.