साथीच्या काळातील बागा : बेंगळुरूचा अनुभव

साथीचा इतिहास म्हटला की आपण रुग्णालये, लसी आणि मृत्यूंचे आकडे पाहतो. या टिपणात आपण तोच इतिहास बागेच्या फाटकाशी उभे राहून पाहू. मोकळी जागा कोणासाठी आणि किती वेळ उघडी ठेवायची, या निर्णयातून शहर कोणाला धरून चालते ते कळते.

१. प्लेग आणि मोकळी जागा

बेंगळुरूच्या लालबागेची सुरुवात हैदर अलीच्या काळात, १७६० च्या सुमारास झाली. कब्बन पार्क १८७० साली म्हैसूरचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी आखले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्याला आवर घालण्यासाठी फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यातील प्लेगबंदोबस्त आणि रँडचा वध आपण शाळेत शिकलो आहोत. ऑगस्ट १८९८ मध्ये हीच साथ बेंगळुरूत पोहोचली.

पिसवांमार्फत प्लेग पसरतो, हे तेव्हा सर्वमान्य झाले नव्हते. दाट वस्ती आणि कोंदट घरे यांवर मुख्य ठपका होता. मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या वसाहतींची आखणी आधीच सुरू झाली होती. प्लेगमुळे तिला वेग आला. रुंद रस्ते, हवा खेळणारी घरे, मोकळी मैदाने हे त्या काळचे उत्तर होते.

२. २०२० : फाटकाला कुलूप

मार्च २०२० मध्ये कर्नाटक सरकारने चित्रपटगृहे आणि मॉल बंद केले. आधाराला होता तोच १८९७ चा कायदा. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली आणि बागाही बंद झाल्या. मे महिन्याच्या उत्तरार्धात राज्यातील बागा सकाळी ७ ते ९ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढ्याच वेळेत उघडल्या. व्यायामशाळांना ५ ऑगस्टपासून, तर चित्रपटगृहांना निम्म्या आसनांसह १५ ऑक्टोबरपासून केंद्राने परवानगी दिली. लालबागेचे स्वातंत्र्यदिनाचे पुष्पप्रदर्शन रद्द झाले. ते परत भरले ऑगस्ट २०२२ मध्ये.

३. वेळेचे गणित

एक साधे गणित करा. एखाद्या बागेत दिवसाच्या १२ तासांत ६०० माणसे येतात आणि प्रत्येक जण एक तास थांबतो, असे धरा. एका वेळी सरासरी ५० माणसे आत असतील. बाग चारच तास उघडली आणि तेवढीच माणसे आली, तर हा आकडा १५० होतो. म्हणजे अंतर राखण्यासाठी केलेला नियम गर्दी तिप्पट करू शकतो. उघड्या हवेत संसर्गाचा धोका बंद खोलीपेक्षा बराच कमी असतो, हे लक्षात घेतले तर हा नियम आणखी तपासून पाहावासा वाटतो.

दुसरा मुद्दा माणसांचा. आमच्या घराजवळच्या बागेत त्या दिवसांत आम्ही नोकरदार आणि निवृत्त मंडळी सकाळी फेऱ्या मारायचो. आमच्या इमारतीत घरकाम करणाऱ्या ताई मात्र त्याच वेळी कामावर निघालेल्या असत. पूर्वी दुपारी दोन कामांच्या मध्ये त्या बागेतल्या बाकावर बसून डबा खात. आता दुपारी फाटकाला कुलूप. त्या जिन्याच्या पायरीवर बसून जेवू लागल्या. नियमात त्यांना मनाई कुठेच नव्हती. फक्त वेळापत्रक ठरवताना त्या कोणाच्या डोळ्यांपुढे नव्हत्या. हे माझ्याही फार उशिरा लक्षात आले.

४. निष्कर्ष

दोन्ही साथींत प्रशासनाकडे माहिती अपुरी होती, त्यामुळे आजच्या ज्ञानावरून सरसकट दोष देणे हा चांगला इतिहास नव्हे. सुरुवातीची काही आठवडे सर्व काही बंद ठेवणे समजण्यासारखे होते. पण माहिती वाढत गेली तसे नियम बदलले का, आणि बदलताना कोणाला विचारले, हे प्रश्न इतिहासाने विचारलेच पाहिजेत.

विचारासाठी प्रश्न

१. तुमच्या गावातील बाग किंवा मैदान २०२० मध्ये केव्हा आणि कोणत्या वेळेत उघडले? घरातील व शेजारील माणसांना विचारून नोंद करा.
२. त्या वेळेत कोणाला येता आले नसेल?
३. पुढच्या साथीसाठी वेळापत्रक तुम्ही कसे आखाल? कारणांसह लिहा.