रिंगेट: बर्फावरची रिंग आणि निळी रेष

लोणावळ्यात बर्फ म्हणजे गोळ्याची गाडी. मग बर्फावरच्या खेळाचा एपिसोड मावळातून कशाला, असं तुम्ही विचारणारच. सांगतो. आमच्या शाळेत पी.टी.च्या तासाला मैदान मुलांना मिळायचं. मुलींच्या हातात एक रबरी रिंग द्यायची आणि व्हरांड्यासमोरच्या पट्ट्यात पाठवायचं. माझी ताई त्या रिंगचं नाव काढलं की अजून चिडते. आणि तिकडे कॅनडात साधारण तशाच रिंगवर मुलींसाठी एक अख्खा खेळ उभा राहिला.

गोष्ट १९६३ ची, ऑन्टारिओ प्रांतातल्या नॉर्थ बे शहरातली. सॅम जॅक्स तिथल्या उद्यानं आणि करमणूक विभागाचे प्रमुख होते. जन्म ग्लासगोचा, आणि १९३६ मध्ये टोरांटोत फ्लोअर हॉकी बसवली तीही यांनीच. कॅनडात हिवाळा लांबलचक, बर्फाचे रिंक भरपूर, पण त्यावर हॉकी खेळायची मुलग्यांनी. मुलींच्या वाट्याला बहुतेक फिगर स्केटिंग, नाहीतर बाहेरून टाळ्या. जॅक्सनी नवा खेळ सुचवला. त्याच प्रांतातल्या एस्पॅनोला गावात रेड मॅकार्थी यांनी शाळकरी मुलींना घेऊन तो बर्फावर उतरवला आणि नियमांना आकार दिला.

आता खेळ. एका बाजूला सहा जणी, त्यातली एक गोलकीपर. हातात सरळ काठी, हॉकीसारखं खाली वळलेलं पातं नाही. रिंगच्या भोकात काठीचं टोक घालायचं आणि स्केटिंग करत रिंग पुढे न्यायची. मुद्दाम अंगावर जाणं बंद. ३० सेकंदांत गोलवर फटका मारायचाच, त्यामुळे रिंग दाबून बसता येत नाही.

पण खरी गंमत निळ्या रेषांत आहे. रिंकवर अशा दोन रेषा असतात, आणि रिंग घेऊन ती रेष तुम्ही एकटीनं ओलांडू शकत नाही. पलीकडच्या मैत्रिणीला पास द्यावाच लागतो. म्हणजे टीममधली सगळ्यात वेगवान पोरगीसुद्धा या टोकाकडून त्या टोकाला एकटी गोल करायला जाऊ शकत नाही! मी दिवसभर कोड लिहितो, म्हणून मला हे फार आवडलं. एकच छोटी अट, आणि सगळ्या खेळाचं वागणं बदलतं. नवखी मुलगीही कोपऱ्यात नुसती उभी राहत नाही, कारण पास घ्यायला कोणीतरी लागतंच.

१९७९ मध्ये युहानी वाल्स्टेन या हॉकीपटूनं हा खेळ फिनलंडमध्ये, तुर्कूला नेला. १९९० मध्ये पहिली जागतिक स्पर्धा कॅनडात झाली. तेव्हापासून विजेतेपद एकतर कॅनडाकडे, नाहीतर फिनलंडकडे. तिसरं कोणी नाहीच, आणि ऑलिंपिकचं दार न उघडण्यात याचा मोठा हात आहे. तोवर महिलांची आइस हॉकी १९९८ मध्ये नागानोच्या ऑलिंपिकला पोचलीसुद्धा.

मग रिंगेट म्हणजे मुलींना दिलेली जागा, की हॉकीपासून लांब ठेवायचं कुंपण? मला वाटतं, सुरुवातीला थोडं दोन्ही. ताईचं मत एकदम स्पष्ट आहे: रिंग दिली हा प्रश्नच नव्हता, मैदान दिलं नाही हा होता. एस्पॅनोलात निदान अख्खा रिंक तरी मिळाला.

आपल्याकडे रिंक नाही, पण स्केट्स आहेत. २००३ मध्ये पुण्यात राजू दाभाडे या क्रीडाशिक्षकांनी रोल बॉल काढला. चाकांच्या स्केट्सवर हातानं बॉल टप्पे देत न्यायचा आणि गोलमध्ये मारायचा. बर्फ नको, सिमेंटचं कोर्ट पुरतं. मुलगे आणि मुली दोघांच्याही टीम असतात. पहिला वर्ल्ड कप २०११ मध्ये पुण्यातच झाला. आडनावामुळे आमच्या तळेगाव दाभाड्याची मंडळी उगाच कॉलर ताठ करतात, ते सोडा.

रिंगेटचा व्हिडिओ पहिल्यांदा बघाल तेव्हा रिंग दिसणारच नाही, इतकी भरभर जाते. तिचा नाद सोडा आणि निळ्या रेषेवर नजर ठेवा. कोण थांबतेय, कोण पलीकडे आधीच पोचलीय, एवढं बघा. दोन मिनिटांत खेळ कळायला लागतो.