काढा, जोशांदा आणि दमनूश : एका घरगुती पेयाच्या इतिहासाची साधने

इ. स. २०२० च्या साथीत केंद्र शासनाच्या आयुष मंत्रालयाने जनतेस ज्या सूचना दिल्या, त्यांत तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका यांचा काढा दिवसातून एकदोन वेळा घ्यावा, अशी एक सूचना होती. बारामती तालुक्यातील कन्हेरीसारख्या गावी ही सूचना वाचणाऱ्यांस ती नवी वाटण्याचे कारण नव्हते. पडसे आले म्हणजे परसातील तुळस व गवती चहा तोडून आणावा, आले ठेचावे, दोनचार मिरे घालावेत आणि सर्व पाण्यात उकळून गूळ टाकून द्यावे, हा परिपाठ या भागात आजीच्या तोंडून नातीस मिळत आलेला आहे. नवे होते ते एवढेच की, परंपरेने चालत आलेली गोष्ट आता सरकारी कागदावर आली.

पण इतिहासाच्या अभ्यासकाने हा कागद थोडा थांबून वाचावा. पाच जिन्नसांपैकी तुळस, मिरे व सुंठ ही नावे तुलसी, मरिच व शुण्ठी या संस्कृत शब्दांवरून आलेली आहेत. दालचिनी मात्र फारसी ‘दारचीनी’ होय. तिचा अर्थ चीनचे लाकूड. मनुका हा शब्द अरबी ‘मुनक्का’ म्हणजे निवडून साफ केलेले, या शब्दाचे फारसीच्या वाटेने आलेले रूप आहे. म्हणजे ज्यास आपण सहजपणे ‘आपला जुना काढा’ म्हणतो, त्याच्या नामावळीतच दोन भाषांचे थर आहेत. या थरांवरून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. इराणातील घरगुती वनस्पतिपेयांशी आपल्या काढ्याची तुलना केल्यास हा विचार अधिक स्पष्ट होतो.

(१) संपर्काचा काळ

बारामती, सुपे व इंदापूर हा मुलूख निजामशाही, आदिलशाही व मोगल या सत्तांच्या छायेत दीर्घकाळ होता. पुणे व सुपे हे परगणे भोसल्यांच्या जहागिरीत आले तेही निजामशाहीकडूनच. निजामशाहीची राजधानी अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) ही सोळाव्या शतकात इराणी विद्वानांचे एक केंद्र बनली होती. शाह ताहिर या इराणी पंडिताच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशहाने १५३७ मध्ये शिया पंथ स्वीकारला. याच बुऱ्हाण निजामशहाशी गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा परिचय होता. त्याचा औषधिद्रव्यांवरील संवादात्मक ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यास छापला गेला. त्यात एकेका द्रव्याची अरबी, फारसी, गुजराती व दक्षिणी नावे त्याने शेजारी शेजारी ठेविली आहेत. पुढे अहमदनगर व विजापूर या दोन्ही दरबारी राहिलेल्या फिरिश्त्याने इतिहासाखेरीज भारतीय वैद्यकावर फारसीत एक ग्रंथ रचिला. तेव्हा देवघेव एकाच बाजूने चालली होती, असे समजण्याचे कारण नाही.

राजभाषेतील फारसी शब्द पुढे कमी होत गेले. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने राज्यव्यवहारकोश तयार झाला. १६२८, १६७७ व १७२८ या सालांच्या पत्रांतील शब्दांची मोजदाद करून इतिहासाचार्य राजवाड्यांनी ही घट दाखवून दिली आहे. परंतु दप्तरातील भाषा बदलली तरी स्वयंपाकघरातील व वाण्याच्या दुकानातील भाषा बदलली नाही. दालचिनी, पुदिना, गुलाब, बेदाणा, बिहीदाणा, इसबगोल, सब्जा, शरबत, गुलकंद हे शब्द तसेच राहिले. इसबगोल हा फारसीत ‘घोड्याचा कान’ आहे, बीजाच्या आकारावरून ते नाव पडले, हे ज्या घरी ते रात्री भिजत घालतात तेथे कोणास ठाऊक असण्याचे कारण नाही. माधवराव पटवर्धनांचा फारसी-मराठी कोश (१९२५) चाळणाऱ्यास अशा शब्दांची विपुलता जाणवते. शासनाने ज्या शब्दांकडे लक्ष दिले ते गेले. ज्यांकडे कोणाचेच लक्ष नव्हते ते टिकले.

(२) नाव आणि जिन्नस

येथेच पहिला इशारा देणे अवश्य आहे. शब्द बाहेरून आला म्हणजे वस्तूही त्याच वेळी बाहेरून आली, असे होत नाही. दालचिनीस संस्कृत वैद्यकात ‘त्वक्’ हे नाव आहे आणि द्राक्षाचे गुण चरकसंहितेत वर्णिलेले आहेत. म्हणजे वस्तू जुनी व नाव नवे, असा हा प्रकार आहे. व्यापाऱ्याच्या तोंडचे नाव ग्रंथातील नावावर मात करून गेले, एवढेच त्यावरून म्हणता येईल.

दुसरा प्रकार याहून सूक्ष्म आहे. फारसीत ‘गुलाब’ म्हणजे गुल आणि आब, फुलाचे पाणी. आजही इराणात या शब्दाने गुलाबपाण्याचाच बोध होतो. मराठीत तो शब्द फुलास व झाडास लागला आणि पाण्यासाठी ‘गुलाबपाणी’ असा जोडशब्द करावा लागला. नाव तेच राहिले, पण त्याखालची वस्तू सरकली.

तिसरा प्रकार सर्वांत धोक्याचा आहे. इराणी घरांत अत्यंत लोकप्रिय असलेले पेय ‘गुल-ए-गावजबान’ या जांभळ्या फुलांचे असते. ती वनस्पती एकियम अमीनम होय. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात ‘गावजबान’ म्हणून जे मिळते ते बहुधा ऑनोस्मा ब्रॅक्टिएटम या हिमालयीन वनस्पतीचे असते. दोन्ही वनस्पती एकाच कुळातील असल्या तरी भिन्न आहेत; इराणात फुले वापरतात, आपल्याकडे पानेही. ‘गावजबान’ म्हणजे बैलाची जीभ. खरखरीत पान असलेल्या अनेक वनस्पतींना ते वर्णन लागू पडते. या कुळातील कित्येक वनस्पतींत यकृतास अपाय करणारी द्रव्ये आढळलेली आहेत. म्हणून नावाचा हा घोटाळा केवळ कोशकारांच्या चर्चेचा विषय नाही. जुन्या ग्रंथातील नाव वाचून बाजारातून पुडी आणणाऱ्याने हाती आलेली वस्तू तीच आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

(३) कृती

आता कृतीकडे वळू. शार्ङ्गधरसंहितेत क्वाथाचे प्रमाण स्पष्ट दिले आहे. एक पल भरड द्रव्यात सोळापट पाणी घालावे आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत मातीच्या भांड्यात आटवावे. त्याच ग्रंथात ‘फांट’ म्हणजे उकळत्या पाण्यात द्रव्य टाकून, मुरवून, गाळून घेणे आणि ‘हिम’ म्हणजे थंड पाण्यात रात्रभर भिजविणे, या दोन कृती निराळ्या सांगितल्या आहेत. युनानी वैद्यकातही हेच भेद आहेत. ‘जोशांदा’ म्हणजे उकळलेले आणि ‘खेसांदा’ म्हणजे भिजविलेले. आपण उत्साह या अर्थी वापरतो तो ‘जोश’ मुळात उकळीच होय.

असे असता ‘जोशांदा’ हा शब्द मराठी घरांत रुजला नाही. हकिमाच्या चिठ्ठीत व उर्दू बोलणाऱ्या कुटुंबांत तो राहिला. कुणब्याच्या घरी मात्र ‘काढा’च राहिला. ‘काढा’ हे क्वाथाचेच रूप असून कढ, कढणे, कढी हे शब्द त्याच गोतातील आहेत. याउलट शरबत, गुलकंद, मुरंबा व अर्क हे शब्द मराठीत पक्के झाले. हे चारही शब्द जिन्नसाचे नसून सिद्ध केलेल्या पदार्थाचे, पर्यायाने कृतीचे आहेत. यावरून एक अनुमान करण्यास प्रत्यवाय नाही. ज्या कृतीस घरात आधीच रुळलेले नाव होते, तेथे परका शब्द शिरला नाही. जेथे ते नव्हते, तेथे पदार्थ आणि शब्द हे बरोबरच आले. वाण्याकडून विकत आणावयाच्या वस्तूंची नावे फारसी आणि परसातून तोडावयाच्या वस्तूंची नावे मराठी, असा जो सर्वसाधारण भेद दिसतो, त्याचेही मर्म हेच आहे. पुदिन्यासारखे अपवाद आहेत. मोरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या या वनस्पतीने आपले फारसी नाव सोडलेले नाही. पण अपवाद मोजके आहेत.

(४) दमनूश का आला नाही ?

आज इराणी घरी वनस्पतिपेय करतात ते बहुधा उकळून नव्हे, तर दमवून. दोन पेल्यांस दोन चमचे या बेताने गावजबानची वाळली फुले घेतात व गार पाण्याने धुतात. ‘लिमू अमानी’ म्हणजे वाळवून काळसर झालेले लिंबू फोडून त्याच्या बिया काढून टाकतात, कारण त्या कडवट असतात. दोन्ही चिनीमातीच्या चहादाणीत घालून वर उकळते पाणी ओततात. मग चहादाणी किटलीच्या वा समोवाराच्या तोंडावर ठेवून खालच्या वाफेवर दहापंधरा मिनिटे मुरू देतात. लिंबाच्या आंबटपणाने जांभळे पाणी गुलाबी-तांबूस होते. ‘नबात’ म्हणजे खडीसाखर घालून ते पितात. यास ‘दमनूश’ म्हणतात. बिर्याणीच्या संबंधात आपण जो ‘दम’ म्हणतो, तोच हा.

मग शब्दांचा एवढा मोठा साठा दख्खनेत आला असता ही कृती येथे का आली नाही ? आमच्या मते याचे उत्तर कालक्रमात आहे. समोवार हे रशियातून इराणात गेलेले पात्र असून त्याचा तेथील प्रसार एकोणिसाव्या शतकातील, काजार राजवटीतील आहे. त्याच काळात तेथे चहाने कॉफीस मागे सारले. पण चहा मिळणाऱ्या दुकानास आजही ‘कहवाखाना’च म्हणतात. इराणातील चहाची लागवड तर त्याहून अर्वाचीन आहे. हिंदुस्थानात वकील म्हणून राहिलेल्या काशिफ-उस्-सल्तनाने १९०० च्या सुमारास येथून चहाचे बियाणे व रोपे नेऊन लाहिजान येथे लागवड केली. म्हणजे चहादाणी वाफेवर ठेवून करावयाचे पेय, आज ज्यास ‘पारंपरिक’ म्हणतात ते, या रूपात एकोणिसाव्या शतकामागे नेता येत नाही. दख्खनेचा इराणशी दाट संबंध त्यापूर्वीच सरला होता. जे तेव्हा तेथेच नव्हते ते येथे येणार कसे ?

दुसरा संपर्क एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून घडला. यज्द व किरमान या प्रांतांतून आलेल्या जरथुश्त्री इराण्यांनी मुंबई-पुण्यास उपाहारगृहे थाटली. परंतु हा संपर्क घराचा नसून दुकानाचा होता. ‘इराणी चहा’ म्हणून जो प्रसिद्ध झाला तो दुधाचा, दाट व गोड. इराणात चहा बिनदुधाचाच पितात. पारशी घरांत मात्र चहात पुदिना व गवती चहाची पात घालण्याची रीत आहे. ती इराणहून आणलेली नव्हे. गवती चहा ही उष्ण प्रदेशातील वनस्पती गुजरात-कोकणच्या परसातील आहे.

या ‘गवती चहा’ नावानेही एक सालाची खूण हाती लागते. या गवतात चहाचा अंशही नाही. तेव्हा चहा हे पेय लोकांच्या परिचयाचे झाल्यावाचून गवतास हे नाव पडणे शक्य नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदी मंडळींवर गहजब झाला. तेव्हा वाद चहा कोणाच्या घरचा याविषयी होता. चहा म्हणजे काय हे कोणास सांगावे लागत नव्हते. पण तो शहराचा काळ झाला. १९०३ च्या चहावरील उपकराच्या कायद्यानंतर चहाच्या प्रचारास पैसा उपलब्ध झाला आणि खेड्यापाड्यांत चहा पोहोचला तो मुख्यतः विसाव्या शतकात. म्हणून बारामतीकडील खेड्यांत हे नाव आज कितीही जुने वाटले, तरी ते फार तर तीनचार पिढ्यांपलीकडचे नसावे.

(५) उपसंहार

वरील विवेचनावरून दोन टोकांच्या मतांचे निरसन होते. काढा हा सर्वस्वी प्राचीन व शुद्ध देशी आहे, हे मत त्याच्या नामावळीपुढे टिकत नाही. आपल्या घरगुती औषधांचा मोठा भाग मुसलमानी अमदानीत इराणातून आला, हे मत त्याच्या कृतीपुढे टिकत नाही. नाव, जिन्नस व कृती यांचे प्रवास निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या वाटांनी झाले. त्यांपैकी एकावरून उरलेल्या दोहोंचे अनुमान करणे, ही अशा विषयांत नेहमी होणारी चूक आहे.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम कन्हेरी, काटेवाडी, सुपे, इंदापूर अशा गावी जाऊन करण्यासारखे आहे. प्रत्येक घरी तीन प्रश्न स्वतंत्रपणे विचारावेत : यास काय म्हणता, हे कोठून आणता, आणि याचे काय करता ? वस्तूचा नमुना वनस्पतिशास्त्र विभागाकडून ओळखून घ्यावा. नुसत्या नावावर विसंबू नये. दप्तरे आहेत तेथेच राहतील, ती उद्याही वाचता येतील. चुलीपुढे बसून काढ्यात कशाआधी काय घालावे हे सांगणाऱ्या वृद्ध स्त्रिया मात्र उद्याची वाट पाहणार नाहीत. या बाबतीत त्यांची स्मृती हेच आपले मूळ साधन आहे, आणि त्याची प्रत कोणीही करून ठेविलेली नाही.